भंडाऱ्याचं काळीज

बहात्तरच्या दुष्काळात बिरूची मेंढरं गेली, पण एकदम गेली नाहीत. येरमाळ्याच्या डोंगरातली शेवटची हिरवी काडी संपली, तसं एकेक मेंढरू खाली बसायचं आणि उठायचं नाही. बिरू त्याला पोटाखाली हात घालून उभं करायचा, दोन पावलं चालवायचा; ते पुन्हा बसायचं. अखेरीस कळप राखणारी म्हातारी कुत्री तेवढी उरली आणि राखायला काही उरलं नाही. बायको, बानूबाई, सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बिरूला ते जमेना. जन्मभर जित्राबाशी बोललेला माणूस, दगडाशी काय बोलणार?

बानूबाईचा भाऊ बिभीषण पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात शिपाई होता. तो घरी आला नि म्हणाला, "दाजी, चला माझ्यासंगं. आमच्याकडं जनावरं सांभाळायला माणूस पायजे."

"कसली जनावरं?"

"कुत्री."

बिरूला हसूच आलं. धनगराला कुत्रं म्हणजे खंडोबाचं. त्याला वाटलं, देवानंच वनवासात घास पुढं केला.

दवाखान्याच्या मागं पत्र्याची लांबलचक शेड होती. रस्त्यावरून धरून आणलेली कुत्री तिथं पिंजऱ्यात असत. बिरू त्यांची खरूज धुवायचा, दूधभाकरी कुस्करून घालायचा. बघता बघता ती अंग धरायची. मग डॉक्टर बंडप्पा येऊन त्यातलं एक निवडायचे. डॉक्टर उमरग्याकडचे, वयानं लहान, बोलायला घरच्यासारखे. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "बिरूमामा, ह्यांना नाव देऊ नका. जड जातंय."

काम काय चाललंय हेही त्यांनीच समजावलं. "माणसाचं यकृत सडलं की माणूस जातो. यकृत म्हणजे काळीज. उद्या कुणी अपघातात गेला, तर त्याचं काळीज काढून ह्याला बसवता आलं पायजे. बाहेरच्या देशात करायलेत. पण काढलेलं काळीज लई नाजूक. उबेत राहिलं की मेलं. त्यातलं रगत गार औषधी पाण्यानं धुवायचं आणि बर्फात ठेवायचं. किती दम धरतंय, ते आपण बघायलोय."

बिरूनं मान डोलावली, पण तो शब्द त्याच्या आत कुसळासारखा रुतला. बोकडाचं काळीज त्यानं जत्रेत चवीनं खाल्लं होतं. पण लेकराच्या आजारपणात तुटतं तेही काळीजच, आणि संकटात घट्ट करायचं तेही. ते काढून भांड्यात ठेवलं, तर आतली माया कुठं जात असेल?

बर्फ आणायचं काम त्याच्याकडंच आलं. सायकलला लादी बांधायची, वर ओलं पोतं टाकायचं, आणून फोडायची आणि टेबलापाशी उभं राहायचं. डॉक्टर नळीनं गार पाणी सोडत, तसा तो गडद तांबडा गोळा फिका पडत जाई. शेवटी राखेच्या रंगाचा होई. तसाच तो तास न् तास बर्फात पडून राही. पुढं दुसऱ्या कुत्र्याच्या पोटात बसवून चिमटे सोडले, की त्या राखेत पुन्हा लाली चढे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बिरूचे हात आपोआप जुळले. पण घेणारी कुत्री फार जगत नसत.

एक हळदीसारखं पिवळं कुत्रं आलं, आणि बिरूनं नको ते केलं. त्याला नाव दिलं: भंडाऱ्या. टाळ्याला जीभ लावून बिरू मेंढरांना करायचा तसा टक् टक् आवाज करी. तो ऐकला की भंडाऱ्या मान तिरकी करी आणि उजवा पाय उचलून धरी. त्याची पाळी आली तेव्हा दोरी लागली नाही. बिरूच्या मागं मागं तो आपल्या पायांनी टेबलापर्यंत आला.

त्याचं काळीज आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बर्फात राहिलं आणि तरी चाललं. ते एका काळ्या, चावऱ्या कुत्र्याला बसवलं होतं. तो उठला, दूध प्यायला. डॉक्टरांनी पेढे वाटले. त्या संध्याकाळी दूध घेऊन जाताना बिरूच्या तोंडून सवयीनं टक् टक् गेलं, भंडाऱ्याच्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर. मागं काहीतरी हललं म्हणून तो वळला. काळ्यानं मान तिरकी केली होती. उजवा पाय उचलून धरला होता.

बिरूनं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "शेजारी बघून शिकलं असंल, मामा."

"असंल," बिरू म्हणाला.

पण त्यानंतर काळा त्याच्याकडं टक लावून बघत राहायचा. काही दिवसांनी काळ्यानं खाणं टाकलं. त्याच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं, मग हिरड्या, मग पोटाची कातडी. नवं काळीज अंगानं धरलं नाही, म्हणून कावीळ झाली, असं डॉक्टर म्हणाले. बिरूला दिसलं ते वेगळंच. आतला भंडाऱ्या हळूहळू कातडीवर येत होता. काळा गेला त्याच दिवशी बिरूनं गावची एसटी धरली.

डोंगर पुन्हा हिरवा झाला होता. म्हातारी कुत्री त्याला पाहून धावत आली, हात हुंगले आणि शेपूट पायात घालून मागं सरली. बानूबाई म्हणाली, "अवं, औषधाचा वास येतुय हाताला." त्यानं राखेनं हात घासले, कातडी सोलवटेपर्यंत. वास गेला. कुत्री मात्र मरेपर्यंत त्याच्याजवळ आली नाही.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. चेअरमन आबारावांनी त्याला दूध गार ठेवायच्या कामावर घेतलं. बर्फ फोडायला घेतला की त्याला दुधाच्या कॅनमध्ये लाली चढताना दिसे. तरी पोटासाठी त्यानं काही वर्षं काढली. एका चैत्रात डॉक्टर बंडप्पा येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या दर्शनाला आले, तेव्हा त्याला शोधत सोसायटीत आले. केस पिकले होते.

"मामा, तो काळा जगला तेवढं पुन्हा एकबी जगलं न्हाय," ते म्हणाले. "शेवटी काम बंद पडलं."

बिरूनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, घेणाऱ्याला कळतंय का, कुणाचं हाय ते?"

ह्या वेळी डॉक्टर हसले नाहीत. "मला न्हाय ठावं," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी बिरूनं सोसायटी सोडली आणि थोडी मेंढरं घेतली. कळप वाढला, पण कुत्रं काही त्यानं पाळलं नाही. एकदा दिवस मावळताना लांडग्यानं कोकरू उचललं. बानूबाई रडकुंडीला आली. "कुत्र्याबिगर कळप राखतंय का कुणी? एक पिल्लू तरी आणा की."

"पिल्लू येईल गं," बिरू म्हणाला. "बोलावलं की येतंय. तेच तर."

दुसऱ्या दिवसापासून लांडगा यायच्या वाटेवर तो स्वतःच बसू लागला, गुडघ्यावर काठी आडवी टाकून. पलीकडच्या उतारावर दुसऱ्यांच्या कळपातली कुत्री भुंकत. तिकडं तो मान वळवायचा नाही.