एक अंबाबाई, दोन अंबाबाई

गेलं वर्षभर आमच्या घरात भूकंपाची वाट बघितली जात होती.

मोठ्या भूकंपाची नव्हे हं. कुणाची भिंत पडावी, कुणाला खरचटावं, असलं काही मनात नव्हतं. मांडणीवरची ताटं जरा वाजतील, पंखा थोडा झुलेल आणि बातम्यांत खाली एक ओळ सरकेल, एवढा पुरे होता. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. जमिनीखालचे खडक दाब सोसत सोसत एक दिवस सटकतात आणि त्याला भूकंप म्हणतात, हे चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो. तो यावा म्हणून मीच कधी देवापुढं हात जोडीन असं वाटलं नव्हतं.

कारण आमची तेजू. एकुलती एक लेक, जपानला नोकरीला. दर रविवारी तिचा फोन यायचा, मोजून चार मिनिटांचा. "जेवलात? गोळ्या घेतल्या? आई बरी हाय न्हवं? ठेवते, बाबा." जपानात राहून पोरीचं 'हाय न्हवं' सुटलेलं नाही, यावर मी समाधान मानायचो. पण गेल्या वर्षी कोयनेकडं बारकासा धक्का बसला. आमच्या कसबा बावड्यातल्या फ्लॅटमध्ये दोन वाट्या वाजल्या आणि लगेच तेजूचा फोन आला. मंगळवारी! पन्नास मिनिटं बोलली. शाळेतल्या मैत्रिणी, आईच्या हातचा तांबडा रस्सा, तिकडच्या थंडीत फुटणारे ओठ, सगळं बोलली. फोन ठेवल्यावर शालननं (म्हणजे आमच्या हीनं) त्या दोन वाट्या पुन्हा मांडणीवर सरळ लावल्या.

"अहो," शालन म्हणाली, "असला आणखी एखादा कवा यायचा?"

"भूकंप कधी येणार ते सांगता येत नाही. जगात कुणालाच नाही."

"मग चौतीस वर्षं शिकवलं तरी काय?"

आता तुम्ही म्हणाल, आठवण येते तर आपणहून फोन करावा माणसानं. केला होता. तिनं घाबरून "काय झालं?" विचारलं, मी "काही नाही" म्हटलं, आणि पुढं दोघांनाही काही सुचेना. माझं मलाच ओशाळं वाटलं. फोनला काहीतरी कारण लागतं. आणि आमच्या भागात असे बारके धक्के बसतात की माणसाला कळतही नाहीत. म्हणजे कारणं पायाखालून निघून जात होती आणि मी पेपर वाचत बसलो होतो. म्हणून मी घरीच भूकंपमापक बनवायला घेतला.

लाकडी चौकट, त्यात दोरीनं टांगलेला वरवंटा, वरवंट्याच्या बुडाला स्केचपेन. पेनाखाली दूध पावडरीच्या डब्यावर गुंडाळलेला कागद, आणि डबा हळूहळू फिरवायला गणपतीच्या मखरामागं फिरणाऱ्या चक्राची मोटर. (गणपतीत मखर उघडंच बसलं. तो आमच्या घरातला वेगळा भूकंप.)

"याचं तत्त्व असं," मी शालनला समजावलं. "सगळं घर हाललं तरी टांगलेलं वजन जागचं हालत नाही."

"कळलं. म्हंजे तुमच्यागत," ती म्हणाली. "वरवंटा कवा देताय परत?"

मी तिला लहरींचंही सांगायला गेलो. भूकंपाच्या दोन लहरी महत्त्वाच्या. पहिली चपळ, ती आधी येऊन नुसती दार ठोठावते. दुसरी मागनं येते आणि खरं हलवते. दोन्हींच्या मध्ये जितके सेकंद जातील त्याला आठानं गुणायचं. साधारण तितके किलोमीटर भूकंप लांब. वर्गात मुलांकडं घड्याळं नसायची, म्हणून मी त्यांना 'एक अंबाबाई, दोन अंबाबाई' म्हणत सेकंद मोजायला शिकवायचो. तेवढं म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातच थांबून विचारलं होतं, "गुरुजी, हा भूगोलाचा तास आहे की आरतीचा?" त्या वर्गात पहिल्या बाकावर तेजू होती. बापाच्या इभ्रतीसाठी सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडत होती.

तर यंत्र बसलं आणि सहा महिने एक सरळ रेघ काढत राहिलं. मी रोज दोन वेळा रेघ बघायचो. शालनही बघायची, पण चोरून.

पाडवा झाला आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला पेन थरथरलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. थरथरतच होतं! कागदावर करवतीसारखे दात पडत होते. मी आधी काय करायला हवं होतं? शालनला बाहेर काढायला हवं होतं. मी तेजूला फोन लावला.

"तेजू, भूकंप! चालू आहे! रेघ हलतीय!"

"बाबा, आई कुठंय?" ती ओरडली. "बाहेर पडा. फोन ठेवा आन् आधी बाहेर पडा."

मग मात्र मी जिन्यात उभा राहून वर्गातल्या आवाजात आरोळी ठोकली. "भूकंप! सगळे खाली मैदानात चला!" निवृत्त झालो तरी आवाज अजून निवृत्त झालेला नाही. दोन मिनिटांत अख्खी इमारत खाली. पहिल्या मजल्यावरचे आप्पा अर्ध्या गालाला साबण लावून आले. त्यांच्या सूनबाई कुकर घेऊन आल्या आणि त्याची शिट्टी मैदानात झाली. शालन आली ती देव्हाऱ्यातली अंबाबाई पदरात घेऊन.

इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमधून मात्र तळमजल्यावरच्या पाटीलवहिनी बाहेर येईनात. मी धावत गेलो. आत चार-पाच बायका डोळ्यांना पदर लावून शिंकत होत्या, आणि मधोमध नवं कोरं मिरची कांडपाचं मशीन धाड धाड चाललं होतं. वर्षाच्या चटणीचे दिवस, वहिनींनी त्याच सकाळी धंद्याचा मुहूर्त केला होता.

"वहिनी, बाहेर या! भूकंप आलाय!"

"येऊ द्या की. त्येला बी पेढा देऊ," वहिनी म्हणाल्या. "तुमी आधी घ्या, सर."

"आधी ते मशीन बंद करा!"

त्यांनी बटण दाबलं. पायाखालची जमीन गप्प झाली. मागं येऊन उभी राहिलेली सगळी इमारतही गप्प झाली.

"थांबला का भूकंप?" वहिनींनी विचारलं.

"थांबला," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "आता?"

आप्पा साबणासकट हसायला लागले. मी पेढा घेतला आणि घरी आलो. फोनवर तेजूचे सात मिस्ड कॉल होते. मी तिला नुसता कागदाचा फोटो पाठवला. मिनिटात फोन आला.

"बाबा, भूकंप आधी बारका येतो, मग मोठा, मग विझत जातो. तुमीच शिकवलंय की. ह्ये सगळे दात सारखे हायत. शेजारी कांडप घातलंय का कुणी?"

चौतीस वर्षांच्या भूगोलाला पोरीनं जपानातून नापास केलं. आधी ती खूप हसली. मग म्हणाली, "मी मीटिंग सोडून जिन्यात आलेय, बाबा. सातदा फोन लावला, कुणी उचलंना."

तेव्हा मला खरं बोलावं लागलं. म्हटलं, "भूकंप झाला की तू बोलतेस गं. म्हणून हे सगळं केलं. तुझी फार आठवण येते."

मग ती म्हणाली, "इथं सारखंच हलतंय, बाबा. तुमी काळजी कराल म्हणून सांगत न्हाय. टेबलाखाली बसते आन् एक अंबाबाई, दोन अंबाबाई म्हणत ऱ्हाते. परवा शेजारची बाई पण माझ्यासंगं म्हणाय लागली." आणि वर म्हणाली, "कारण नसलं तरी फोन करत जावा की."

शालननं माझ्या हातातून फोन घेतला आणि आत गेली. दार लावून दोघी तासभर बोलल्या. मी बाहेर उरलेला पेढा खाल्ला.

आता भूकंपमापक माळ्यावर आहे, वरवंटा स्वयंपाकघरात परत गेलाय, आणि मी बिनकारणाचा फोन करतो. पलीकडं घंटी वाजायला लागली की मोजतो. सवय जात नाही. मंगळवारी तिनं तीन अंबाबाईत उचलला. तीन आठे चोवीस, म्हणजे कागलच्या आसपास. कधी उचलतच नाही. चाळीस अंबाबाईंनी फोन आपोआप बंद पडतो, आणि तेवढ्या दिवशी ती खरोखर जपानला असते. काल नऊ झाल्या. नऊ आठे बाहत्तर.

"पोरगी आज कराडला हाय," मी शालनला सांगितलं, आणि तिनंही मान डोलावली.

चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी. आता कुणी नकाशा पुढं करून जपान दाखवा म्हटलं, तर माझं बोट कराडच्या पुढं जाणार नाही.