बीसाठी राखलेले टमाटे

आप्पा गेल्याचा निरोप सुरतेजवळच्या सचिन गावात माझ्या घरी आला, तेव्हा मला रडू नाही, राग आला. आधी आप्पाचाच. दम्याने छाती भरलेली, डॉक्टरने जिने चढू नका म्हणून बजावलेलं, आणि हा माझा थोरला भाऊ सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या बादल्या वाहत होता! कशासाठी? तर टमाट्यांसाठी. तिथेच खाली बसला, तो उठलाच नाही... महिना होऊन गेला, माझा राग काही उतरत नाही.

ते टमाटे साधेसुधे नव्हते, हे मलाही कबूल आहे. आमचं गाव तापीवरच्या धरणात गेलं, तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या, भांडीकुंडी काढून आणली. आप्पाने आईच्या परसातलं मूठभर बी फडक्यात बांधून आणलं. झाड जेमतेम हातभर, बुटकं, खोड अंगठ्याएवढं जाड, पानं चुरगळल्यासारखी. तेलाच्या डब्यात ऐटीत बसायचं, काठीचा आधारसुद्धा मागायचं नाही. दिवसभर कापडाच्या लूमवर उभा राहून आला की चहाआधी हा गच्चीवर. "आपलं गाव बुडवून साठवलेलं पाणी या सुरतवाल्यांच्या नळाला येतं. मग या झाडांनी ते हक्काने प्यायला नको?" असं दातओठ खात म्हणायचा. संताप आमच्या घराण्यातच आहे. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी अर्धी सुरत गाड्या भरभरून पळाली, हा मात्र डब्यांपाशी बसून राहिला!

बी धरायची त्याची एक रीत होती. सगळ्यात देखणं फळ हेरायचं, त्याच्या देठाला लूमवरचा लाल धागा बांधायचा, की मग कुणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. "ते बीनं शे, हात नको लावू!" असा गच्चीवरून ओरडायचा. फळ मऊ पडलं की गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवायचा. घरभर घाण वास! आमची शकूवहिनी नाकाला पदर लावून त्याच खोलीत स्वयंपाक करायची. मग बी धुऊन कापडावर वाळवायचं. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. "तू गमावशील," म्हणे. घ्या!

तेराव्याला मी गच्चीवर गेले, तर झाडं वाळून कोळसा झालेली. घर माणसांनी भरलेलं, पण तांब्याभर पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही. धागे बांधलेल्या तीन देठांवर फळंच नव्हती. मागचं सगळं बी त्याने यंदा पेरलं होतं. म्हणजे आईच्या परसातलं जे काय उरलं होतं, ते त्या तीन फळांत. मी धाडधाड खाली आले. आप्पाच्या फोटोपुढे त्याचं पान वाढलेलं, पानात टमाट्याची कोशिंबीर... आणि वहिनीपुढे कोशिंबिरीचं पातेलं.

"कोणी तोडले?" मी ओरडले. पंगत थांबली.

"मी!" आयुष्यात पहिल्यांदा वहिनीचा आवाज माझ्या वर चढला. "लग्न होऊन आले तेव्हापासून चांगलं फळ बियाला आणि किडकं-फुटकं ताटात! मी नाही चाखलं, ताई, आणि त्यांनी तरी कुठे चाखलं? आज एकदा तरी त्यांच्या पानात चांगलं वाढू द्या मला!"

पण राग गेला नाही, खोटं कशाला सांगू? आप्पाच्या पानाला मी हात लावला नाही. पातेलं मात्र उचललं आणि मोरीत जाऊन बसले. नळाखाली चाळणी धरून दही, मीठ, मिरची धुऊन काढत एकेक बी वेचू लागले. नातेवाईक तोंडं उघडी टाकून बघत राहिले. थोड्या वेळाने वहिनी पदर खोचून शेजारी येऊन बसली, आणि माझ्याबरोबर वेचू लागली.

ते बी रुजलं. सुटीच्या दिवशी मी सचिनहून बमरोलीला जाते. एरवी वहिनीच जिने चढून पाणी घालते. रोपं अजून वीतभरही झाली नाहीत, आणि आमचं भांडण आत्ताच सुरू झालंय. पहिलं फळ पिकलं की सरळ खायचं, असं तिचं म्हणणं. बघतेच मी, कशी खाते ती!