नसीमबाजीची हजेरी

नसीमबाजी कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसली, की आधी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घ्यायची. शिक्षा झालेल्या पोरीसारखी. समोरचा माणूस घामाघूम होत एकेक अक्षर शोधत असायचा आणि ही शेजारी हातांवर बसून नुसती बोलायची. वाशीममध्ये तिचा कॉम्प्युटरचा क्लास होता. अर्ध्या गावानं तिच्याकडे माऊस धरायला शिकून घेतलं, पण तिला माऊस धरलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल. कुणी म्हटलं, "बाजी, तुम्हीच करून द्या ना," तर ती म्हणायची, "माझे हात लै आगाऊ हायेत. ते चालू झाले का तुमचे झोपून जातात."

ती माझ्याहून बरीच लहान. पण सगळं गाव बाजी, म्हणजे ताई, म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

आमची पहिली भेट झाली ती शिक्षकांच्या कॉम्प्युटर प्रशिक्षणात. मी तेव्हा शाळेत मराठीची बाई होते आणि स्वतःला कोण समजत होते ते विचारू नका. आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला, तेव्हा त्याला पोपट भरलेलं कापडी आच्छादन मीच शिवलं होतं. खोलीबाहेर चपला काढायचा नियमही माझाच. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. एवढी सेवा झाली, पण त्याचं बटण दाबायची हिंमत आमच्यापैकी एकीलाही झाली नाही.

प्रशिक्षणाला मी रेशमी साडी नेसून गेले, कारण फोटो निघणार होता. शेवटच्या बाकावर बसून पिशवीतलं क्रोशाचं विणकाम काढलं. तेवढ्यात सलवार-कमीज घातलेली एक काटकुळी मुलगी आली आणि नेमकी माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, चालू करा."

मी म्हटलं, "आता या वयात काय शिकायचं?"

या वयात! ती बाई आजच्या माझ्यापेक्षा किती तरुण होती! आज कुठे भेटली तर तिचा कान पिळून तिला पुढच्या बाकावर बसवीन.

बाजी म्हणाली, "साडी भारी हाये, मान्य. पण बटनाचा काही डाग पडत नाही." सगळा वर्ग हसला. मी फणकाऱ्यानं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, "भारीच उद्धट पोरगी आहे." हे म्हणाले, "मग तिच्याचकडे शीक."

आमचे हे म्हणजे मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं आणि सोयीचं म्हणून मीही. त्यांची बरीचशी नोकरी किन्हीराजा गावच्या शाळेत गेली. त्यांना एक छंद होता. दर वर्षी शाळा सुरू झाली की टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून पहिल्या दिवसाची हजेरी टेप करायची. हे नाव घेणार आणि पोरं "हजर, सर!" म्हणून ओरडणार. मी चिडवायची, "लोक गाणी टेप करतात, तुम्ही हजेरी!" ते म्हणायचे, "चेहरा बदलतो गं पोराचा. 'हजर' म्हणायची तऱ्हा बदलत नाही." कॅसेटींनी एक ट्रंक भरली. मी ती किती वेळा भंगारात काढायला निघाले होते, ते त्यांना माहीत नाही. आता हे वाचून दाखवीन तेव्हा कळेल.

निवृत्तीनंतर मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ज्यांच्या हाकेनं पटांगणापलीकडची पोरं वर्गात यायची, त्यांच्या तोंडून नुसता "आ" निघायचा. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओळखीचं काहीतरी रोज ऐकवा, मागोमाग बोलायला लावा, खंड पाडू नका. मी पेपर वाचून दाखवला, आरत्या म्हटल्या, शेवटी बाराखडीही म्हटली. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. माझं वाचन ऐकून वर्गातली पोरंही तसंच करायची, तो भाग वेगळा.

बाजी त्यांना भेटायला आली, तेव्हा तिची नजर ट्रंकेवर गेली. तिनं कॅसेट लावायला सांगितली. खरखर झाली आणि मास्तरांचा तरणाताठा आवाज आला, "गजानन!" मागून एक किनरा आवाज, "हजर, सर!" मास्तरांची मान वळली. ओठ हलले.

बाजी म्हणाली, "बस. हेच औषध."

पुढचे बरेच दिवस तिनं माझ्याकडून त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरात भरून घेतल्या. कॉम्प्युटर होता मुलाचा जुना. पुण्याहून तो म्हणत होता, "आई, विकून टाक, फार हळू चालतो." बाजीनं त्याच्यावर जुन्या मशीनलाही झेपणारं लिनक्स घालायला लावलं. हो, मला घालायला लावलं. मी म्हटलं, "बाजी, हे सोपं आहे ना?" त्यावर ती जे बोलली ते मी नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं, तर किती पोरांचं भलं झालं असतं! ती म्हणाली, "सोपं हाये असं कोणाले म्हणू नये, मॅडम. नाही जमलं तं माणूस सोताले गधा समजते. कठीन हाये म्हणायचं. जमलं तं छाती फुगते."

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, मास्तर मागच्या. त्यांच्या पलंगाशी बाजीच्या क्लासमधला एक जुना लॅपटॉप आला. त्यात जागा अगदी कमी, म्हणून मी पेनड्राइव्हवर एखादी हजेरी घालून न्यायची. मला आवडेल ती. मास्तर दोन दिवसांत कंटाळले, डाव्या हातानं लॅपटॉप ढकलायला लागले. बाजी म्हणाली, "वर्ग सरांचा हाये. आज कोणता घ्यायचा, हे ठरवणाऱ्या तुमी कोण?"

मग तिनं पुढच्या कॉम्प्युटरमधला तो फोल्डर घरातल्या राउटरवरून मागच्या लॅपटॉपला दिसेल असं करायला लावलं. सगळी वर्षं एकाखाली एक पडद्यावर आली. मास्तरांनी डावं बोट कितीतरी वेळ नुसतं फिरवलं आणि एका वर्षावर ठेवलं. ज्या माणसाला पाणी कधी प्यायचं तेही मी ठरवत होते, त्यानं त्या दिवशी स्वतःचा वर्ग निवडला. काही आठवड्यांनी टेपमधल्या पोरांच्या मागोमाग एक शब्द आला. "हअर." मी स्वयंपाकघरात होते. हातातलं उलथनं तेलात पडलं.

आणि मग एका दुपारी आभाळ गडगडलं. आपल्याकडे गडगडलं की काय करायचं हे सांगावं लागत नाही. मी टीव्हीची, राउटरची, कॉम्प्युटरची, सगळी वायर उपटली. वादळ गेल्यावर परत लावली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बोट ठेवलं, तर फोल्डर उघडेना. त्यांनी परत परत दाबलं. मग हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी एक शब्द नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पेनड्राइव्ह नेला, तर तो उशीखाली सारला. खंड पाडू नका, हे डॉक्टरांचं वाक्य मला सारखं आठवत राहिलं. आलेला एकुलता एक शब्द असा परत जायचा म्हणजे?

बाजी आली. लॅपटॉपसमोर मला बसवलं, शेजारी स्वतः हातांवर बसली.

"काय काय करून पाह्यलं?"

"सगळं! बंद केलं, चालू केलं, पासवर्ड बदलला, फोल्डरचं नाव बदललं..."

"वा! एक बिघाड होता, त्याचे तुमी चार केले. एक बदला, मंग पाहा. सगळं एकदम बदललं तं कायनं सुधारलं आन् कायनं बिघडलं, काय सांगान? बरं, पडद्यावर काय लिहून आलं होतं?"

"काहीतरी एरर."

"काहीतरी? वाचा. मोठ्यानं."

प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांना बाकावर उभी करणारी बाई मी! मुकाट्यानं वाचलं. या पत्त्यावर जोडणी होत नाही, असं काहीतरी इंग्रजीत होतं.

"घरातल्या हर मशीनले राउटर एक पत्ता देते, नंबरचा," बाजी म्हणाली. "लॅपटॉप आपला फोल्डर त्याच पत्त्यावर शोधते. आता आपल्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावर हजेरी घ्या."

तिनं एक काळी खिडकी उघडायला लावली. त्यात 'पिंग' लिहून पुढे पत्ता लिहायचा. म्हणजे इकडून विचारायचं, आहेस का? तिकडून उत्तर येतं, आहे. मी टाइप केलं आणि भराभर ओळी धावू लागल्या.

"हजर आहे!" मी ओरडले. "कॉम्प्युटर चांगला आहे. हा लॅपटॉपच मेला..."

"कोण हजर हाये?"

"आपला कॉम्प्युटर."

"पाह्यला का? का नुसतं 'हजर' ऐकलं?"

मी परत त्या ओळींकडे पाहिलं.

"मॅडम, इतक्या वर्साच्या नोकरीत तुमच्या वर्गात कोणी दुसऱ्याच्या नावावर 'हजर' म्हटलं नाही का?"

मी ताडकन उठून पुढच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरलाच त्याचा पत्ता विचारला. शेवटचा आकडा वेगळा होता! मग जुन्या पत्त्यावरून ओ देणारा हा कोण? बाजी म्हणाली, "घरात आणखी कोण कोण राउटरवर हाये?" वरच्या खोलीत आमची भाडेकरू शीतल राहते. मी जिन्यातून हाक मारली, "शीतल, तुझ्या मोबाइलचं वायफाय बंद कर गं जरा!" ती वरून म्हणाली, "केलं, काकू!" आणि काळ्या खिडकीतल्या ओळी गपकन थांबल्या.

"आता?" बाजीनं विचारलं.

"गैरहजर," मी म्हटलं.

माझ्या नवऱ्याचा वर्ग मी भाडेकरणीच्या मोबाइलमध्ये शोधत होते!

"वायर काढता ते बरोबरच हाये," बाजी म्हणाली. "जळून जाण्यापक्षा बरं. पण तुमचा राउटर म्हणजे पंगत हाये. जो येईन तो रिकाम्या पाटावर बसते. तुमी सगळ्याइले उठवलं आन् परत बोलावलं. शीतलचा मोबाइल पहिले आला, कॉम्प्युटरच्या पाटावर बसला. आता एक पाट जावयाचा म्हणून राखून ठेवा. तिथी दुसरं कोणी बसायचं नाही."

राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता मी कॉम्प्युटरच्या नावावर राखून ठेवला. मग मी जे जे बदललं होतं ते एकेक करून परत जागेवर आणलं आणि दर वेळी तपासून पाहिलं. त्यात दुपार गेली. शेवटी पडद्यावर सगळी वर्षं आली. मी लॅपटॉप पलंगाशी नेला. मास्तर भिंतीकडेच बघत होते. बाजी म्हणाली, "सर, पोरं येऊन बसली."

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली. बोट ठेवलं. "गजानन!" टेपमधले मास्तर म्हणाले. आणि पलंगावरचे मास्तर म्हणाले, "हअर."

माझ्या डोळ्यांना पदर लागला. बाजीनं दाराकडे तोंड फिरवून विचारलं, "चाय ठेवता का नाही आज? का वायर काढून ठेवली गॅसची?"

अशी ती. रमजानात कोरड्या तोंडानं येऊन माझ्याशी डोकं लावायची आणि मी पाण्याचा ग्लास तिच्यासमोरच घटाघटा प्यायची, हे माझ्या लक्षात यायला दोन रमजान गेले. तिनं कधी म्हटलं नाही. मी ओशाळले, तर म्हणाली, "प्या. तुमची जबान कोरडी पडली तं एरर कोण वाचीन?"

मास्तरांचं बोलणं हळूहळू येत राहिलं. आधी पोरांचं 'हजर', मग स्वतःच्या आवाजामागून पोरांची नावं. गजानन झाला, संगीता झाली, रहीम झाला. माझं नाव तेवढं अजून नाही. ते त्यांनी धडधाकट असतानाही घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याचा दोष झटक्याला देता येत नाही.

मागच्या वर्षी बाजीनं क्लास बंद केला. मुलगी भोपाळला, नातवंडं लहान, तिनं कायमचं बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या सकाळी भेटायला आली. मी शिरा केला होता. ती मागच्या खोलीत मास्तरांपाशी बसली, सवयीनं हातांवर. मास्तरांची हजेरी चालू होती. शेवटचं नाव झालं, टेप थांबली. एरवी ते लगेच दुसरं वर्ष लावतात. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप बाजूला केला. बाजीकडे बघितलं. ओठ जुळवायला वेळ लागला.

"न... सीम."

हे नाव कुठल्याच टेपमध्ये नाही. ते मागोमाग म्हटलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनी काढलेलं होतं.

बाजी उभी राहिली. माझ्या घरात कधी कशाला न लागलेला, एरवी मांडीखाली दाबलेला तिचा उजवा हात शाळेतल्या पोरीसारखा वर गेला.

"हजर, सर."

मी म्हटलं, "वा! लग्नाची बायको पटावर नाही आणि हिचं नाव लागलं!" काहीतरी म्हणणं भागच होतं, नाहीतर तिघंही रडत बसलो असतो आणि शिरा गार झाला असता.

आता गडगडलं की मी वायर काढते, थांबलं की लावते आणि स्वतः हजेरी घेते. नुसत्या 'हजर'वर विश्वास ठेवत नाही, कोण बोललं तेही पाहते. परवा नीट झालं म्हणून बढाई मारायला भोपाळला फोन केला, तर बाजी म्हणाली, "नीट झालं ना? मंग फोन काहून केला? बिघडलं का करा." आणि मग तासभर बोलत बसली.

मास्तर रोज सकाळी वर्ग घेतात. टेपमधली नावं संपली की एक नाव आपल्या मनानं घेतात. आता ते नीट येतं, अडखळत नाही. "नसीम!" आणि थांबतात. मी स्वयंपाकघरातून बारीक आवाज काढून ओरडते, "हजर, सर!"

मग मागच्या खोलीतून, अगदी स्पष्ट शब्दांत, रोज एकच उत्तर येतं.

"खोटं. गैरहजर."