सोमवारचं डोकं

डोंगर फोडायच्या सुरुंगाच्या कांड्या जिथं बनत, त्या कारखान्यात तो मसाला मळायचा. सगळे त्याला सुरुंग्याच म्हणायचे. मनगटापर्यंत हात त्या चिकट गोळ्यात, आणि स्वभाव असा संशयी की स्वतःची सावली हलली तरी विचारावं, "कुठं निघालीस?"

दर सोमवारी दहाच्या सुमाराला त्याच्या कानशिलात घण पडायला लागायचे. बुधवारपर्यंत सगळं गप. रविवारी कारखान्याला सुट्टी, आणि त्या एका दिवशी घरात रांधायची सासू. सुरुंग्याला आणखी पुरावा नको होता.

"तुझी आई कालवणात काय घालते?"

"मीठ," बायको म्हणाली. "तेच आम्हीही खातो. आमची डोकी कुठं दुखतात?"

"असतील तर दुखतील ना! पहिल्या तारखेला म्हातारीला तिच्या मुलाकडं पोचवू."

त्या मुलानं तीन वर्षांत आईचं तोंड पाहिलं नव्हतं. बायकोनं भांडं आपटलं.

कारखान्याच्या डॉक्टरनं हात बघितले. "मसाला कातडीतून, नुसत्या वासानंही रक्तात जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ठणका. आठवडाभरात शरीराला सवय होते, सुट्टीत मोडते, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून."

सासूनं यालाही जेवू घातलं की काय, असं सुरुंग्याला वाटलं.

मुकादम हसला. "सुट्टीला चिमूटभर मसाला टोपीच्या पट्टीत ठेव. सवय मोडायची नाही. आम्ही जुने सगळे तेच करतो."

त्यानं केलं. सोमवारी डोकं हलकंफूल. तरी सासूवरचा संशय जाईना. म्हातारी आपल्याला घाबरली, म्हणून हात आवरला असेल!

टोपी तो सासूच्या खाटेवरच्या खुंटीला टांगायचा. तिसऱ्या रविवारी म्हातारी कपाळाला फडकं करकचून बांधून बसली, शेजारी गाठोडं.

"जाते मी पोराकडं. जावई, तुम्ही माझ्यावर काहीतरी केलंय. इथं निजलं की डोकं फुटतं."

कुणी जा न म्हणता म्हातारी आपणहून निघाली होती. सुरुंग्यानं गाठोड्याकडं बघितलं, मग खुंटीकडं. टोपी अलगद उचलून तो मुकादमाकडं गेला, ती त्याच्या हवाली केली आणि बोडक्या डोक्यानं परत आला.

"आई, गाठोडं सोडा. टोपीत मसाला होता."

"म्हणजे माझ्या आईच्या उशाशी सुरुंग टांगला होता तुम्ही?" बायको कडाडली.

"चिमूटभरच."

"आणि विष घालते मी!" म्हातारी म्हणाली. गाठोडं मात्र तिनं सोडलं.

आता सोमवारी त्याचं डोकं ठणकतं आणि रविवारचं कालवण तो खाली मान घालून खातो. कामावरून आला की सासू दारातच उभी असते. आधी पिशवी हुंगते, मग खिसे, मग हात, आणि मगच उंबरा ओलांडू देते.