काचेमागची वाकळ

डायलिसिसला माणसाचे चार तास जातात आणि एक हात जातो. आठवड्यातून दोनदा. सुया टोचलेला हात हलवायचा नाही, आणि उरलेल्या हातानं नाक खाजवण्यापलीकडे फारसं काही होत नाही. माझा तर उजवाच अडकलेला, कारण डाव्या हाताची नस आधीच निकामी झाली होती. तीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात मशीनला देऊन मी छताकडे बघत पडायचे आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या घालायचे.

अशात परभणीच्या त्या दवाखान्यात एक समुपदेशक मॅडम यायला लागल्या. कलेनं रुग्णाचं मन उभारी धरतं, म्हणाल्या, आणि मला चित्रांची वही आणि रंगीत खडू दिले. मी म्हटलं, "मॅडम, मी पहिलीला शिकवलंय, पुन्हा पहिलीत बसवू नका." त्या बिचाऱ्या ओशाळल्या. माझ्या शेजारच्या कॉटवर झरी गावची एक बाई असायची. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "मला चिंध्या आनून द्या मॅडम. लेकीला सहावा लागलाय. बाळाला वाकळ शिवते."

वाकळ एका हातानं शिवता येत नाही, कापड धरायला दुसरा लागतोच. तिचा उजवा मोकळा होता, माझा डावा. कॉट जवळ ओढून घेतल्या आणि दोघींचे मिळून दोन हात झाले.

"मास्तरीणबाई, नुस्तं धरा. ओढायलाव कशाला?"

"ओढत नाही मावशी, ताणतेय."

"ताणू बी नका. माज्यासारखंच जुनं लुगडं हाय, फाटंल."

त्या दिवसांत मी छताकडे बघितलं नाही. बरी वगैरे काही झाले नाही. तहानेनं जीभ तशीच चिकटायची, घरी जाताना पाय तसेच लटपटायचे. पण डायलिसिसच्या पाळीचा दिवस नकोसा वाटेनासा झाला, हे मी कबूल करते. कडेपासून सुरुवात करून टाके फिरत फिरत आत चालले होते. मधला चौक शेवटी मिटवायचा आणि मिटवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा, असं तिच्या आईनं शिकवलेलं. वाकळीचं पोट रिकामं ठेवलं तर पांघरणारं लेकरू उपाशी राहतं म्हणे. "ती भाकर मी घरून आनणार," असं तिनं मला दोनदा बजावलं होतं. चौक तळहाताएवढा उरला होता.

मग तिच्या डायलिसिसच्या दोन-तीन पाळ्या चुकल्या. कापूस वेचणीचे दिवस होते, तिला आणायला घरातलं कुणी मोकळं नव्हतं. नेमके तेव्हाच मॅडमचा उपक्रम बघायला वरून पाहुणे यायचे होते. वाकळ काचेत बसवून भिंतीवर लावू का, असं त्यांनी मला विचारलं. मला! वाकळ माझी नव्हती, मी नुसती धरणारी. पण सूत्रसंचालनाची हौस जन्माची. मी हो म्हटलं आणि पाहुण्यांपुढे छोटंसं भाषणही ठोकलं. "या वाकळीनं आम्हाला जगायला शिकवलं," असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

पुढच्या पाळीला ती आली. तोंड सुजलेलं, धाप लागलेली. कॉटवर टेकली आणि तिची नजर भिंतीवर गेली.

"आता बाळाला काय?"

"दुसरी शिवू की, मावशी."

"मॅडमनी इचारलं व्हतं तुमाला?"

"हो."

"मंग तुमी काय म्हनलाव?"

मी छताकडे बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं, शिवू. पुढच्या खेपेला दुसरं लुगडं आनते."

मॅडमच्या कानावर एक शब्द घातला असता तर त्यांनी त्याच दिवशी काच उघडून दिली असती. मी घातला नाही. भाषण केलेलं माणूस कुठल्या तोंडानं सांगणार? पुढच्या पाळीला उतरवू म्हटलं. त्या पाळीला शेजारच्या कॉटवर नवा पेशंट होता, आणि मशीनवाल्या पोरीनं मला सुया टोचता टोचता सांगितलं की झरीच्या मावशी गेल्या.

मध्यंतरी तिची लेक आली, आईची फाईल न्यायला. काखेत बाळ, दुकानातल्या जांभळ्या ब्लँकेटात गुंडाळलेलं. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"हीच का मायची?"

"हीच."

"मधी शिवायची राहिलीय."

"राहिली. मी मॅडमला सांगते, घेऊन जा तू."

"नगं. राहू द्या. इथं लोकं बघत्यात, माय दिसती त्येन्ला." तिनं बाळाला काचेपाशी उचलून धरलं. खाली पाटी होती, ती बोट ठेवून तिनं सावकाश वाचली. "या वाकळीनं आम्हाला जगायला शिकवलं." त्याखालचं माझं नावही वाचलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खरंच का मास्तरीणबाई? मायला बरं वाटायचं इथं?"

उजवा हात मशीनला होता. डाव्यानं मी तोंडावर चादर ओढून घेतली.