ओवलेल्या सुया

चहाचं आधण ठेवलं होतं. धनराजभाऊ त्या दिवशी दोन पाहुण्यांना घेऊन येणार होते. फोन आला तो त्यांच्या बायकोचा. "ताई, हे गेले..." सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. मी गॅस बंद केला. आधण तसंच राहिलं, संध्याकाळी ओतून दिलं.

धनराजभाऊ गाइड. मूळचे आमच्याच धुळ्याकडचे, उमेदीची वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावी कापडाच्या लूमवर घालवलेले. लूम सुटल्यावर परदेशी पाहुण्यांना सुरतेतला किल्ला, जुन्या डच कबरी दाखवू लागले. मग रिक्षात घालून कोसाडला आमच्या गोधडीवर्गात आणायचे. "मेलेल्यांची सुरत पाहिली, आता जित्यांची बघा," असं त्यांना सांगायचे म्हणे. आम्ही पंधरा बायका साड्यांच्या कटपीसच्या गोधड्या शिवतो. पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा आम्ही खुर्च्या मांडल्या, ठेवणीतल्या साड्या नेसलो, थंड्याच्या बाटल्या आणल्या. भाऊ दारातच कावले, "आठे काय लगीन शे का?" खुर्च्या उचलायला लावल्या, पाहुण्यांना खाली आमच्या ओळीत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात सुई दिली. आधी एक ओळ धावदोरा, मग फोटो. त्यातला गोरा गडी बोट टोचून घेऊन असा हसला, की आमची सरलाही लाजायची विसरली. त्या पाहुण्यांनीच पुढे आपल्या ओळखीचे लोक पाठवले, आणि वर्गाने बाळसं धरलं.

दोन वर्षांपूर्वी माझी नजर अधू होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा खराब झालाय, चष्म्याने भागणार नाही. मी कुणाला सांगितलं नाही. नवरा नाही, मुलगा हजीऱ्याला त्याच्या संसारात. वर्गाच्या त्या खोलीशिवाय मला जायचं कुठे? बायकांना कळलं असतं तर "तुम्ही बसा ताई" म्हणत मायेनेच मला बाजूला सारलं असतं. टाके हाताला पाठ आहेत हो, पण सुईत दोरा काही जाईना. एकदा ओळीने तीनदा हुकला. समोर भाऊ बसले होते. त्यांनी पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत काहीतरी ठोकून दिलं. मग आम्हाला म्हणाले, "खान्देशचा रिवाज सांगितला. पाहुण्याने निघताना दहा सुया ओवून ठेवायच्या."

बायका हसून हसून लोळल्या. "कुठला हो रिवाज, भाऊ? आमच्या सात पिढ्यांनी ऐकला नाही!" भाऊंनी ढिम्म चेहऱ्याने ओवलेल्या सुया जुन्या स्पंजात टोचल्या आणि स्पंज माझ्या उजव्या हाताशी ठेवला. तेव्हापासून दर खेपेला तसंच. त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. मी साधे आभारसुद्धा मानले नाहीत... त्याचं फार वाईट वाटतं.

आता महिना उलटला. पाहुणे येत नाहीत. एकदोघांचे फोन आले, त्यांची भाषा आम्हाला कळली नाही. दार वाजलं की मी अजून मान वर करते. बायका गप्पा मारतात, हसतात, आणि त्यांच्यात बसून मी इतकी एकटी कधीच नव्हते. स्पंजातल्या सुया पुरवून पुरवून वापरल्या. आता एकच उरलीय, लाल दोऱ्याची. ती मी शिवायला घेणार नाही.

हेसुद्धा मोठ्या मोठ्या अक्षरांत, अंदाजाने लिहितेय. उद्या वर्गात रिकामी सुई सरलापुढे धरीन आणि म्हणेन, "ओवून दे गं, मला दिसत नाही." भाऊ असते तर हे मला कधी म्हणावं लागलं नसतं.