सीट सोडू नकोस!

दहावीची परीक्षा संपली आणि माझी मुलगी सोफ्यात रुतून बसली. उशी पाठीशी, पाय टीपॉयवर, फोन नाकासमोर. मी कल्याणच्या लॅबमधून संध्याकाळी ठाकुर्लीला घरी यायचे तेव्हा ती तश्शीच. ताटसुद्धा तिथेच. मी ओरडून पाहिलं, वायफाय बंद केलं, लाडीगोडी लावली.

"जरा खाली तरी जाऊन ये गं."

"खाली काय आहे, आई?"

मी तिचं ताट उचलून आत गेले.

तिची सायकल गॅलरीत धूळ खात पडलेली. एकदा कपडे वाळत घालताना माझी ओढणी तिच्या हँडलला अडकली, आणि मनात आलं, ही आपल्याला का येत नाही? आम्ही चाळीत वाढलो. घरात सायकल होती, पण ती भावाची. मी बसायचे ती मागे कॅरिअरवर.

"मला सायकल शिकव," मी मुलीला म्हटलं.

तिने मान वर केली. "तू? सीरियसली?" मग लगेच सायकल शिकवणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ शोधून फोन माझ्यासमोर धरला. "हे बघ, एकदम सोप्पंय."

"हा माणूस मागून सीट धरायला येणार आहे का?"

ती हसली, आणि चक्क उठली.

आमच्या बिल्डिंगमागे एक रस्ता आहे, गाड्या फारशा नसतात. तिथे तिने सीट धरली, मी पॅडल मारलं. विजेच्या दोन खांबांमधलंही अंतर गेलं नसेल, मागून हाक आली, "थांब, आई, थांब!" मी पाय टेकले. सायकल चालवत होते मी, आणि धाप लागली होती तिला. लाल तोंडाने ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. पंधरा-सोळा वर्षांची पोर!

दुसऱ्या दिवशी तिचे पाय भरून आले होते. आता ही काही येत नाही, असं मी धरून चालले. पण घरी पोचले तर ती बूट घालून दारात उभी. "चल. काल तू खूप वाकडी चालवत होतीस."

मग आमचं रोजचंच झालं. मी पडायचे, गुडघे सोलवटायचे, ती ओरडायची, "समोर बघ ना, चाकाकडे काय बघतेस!" हळूहळू तिची धाप मागे पडली.

आणि एका संध्याकाळी मी नेहमीसारखी ओरडले, "सीट सोडू नकोस हं!" तर आवाज मागून नाही, शेजारून आला.

"कधीच सोडलीये!"

ती माझ्या बरोबरीने धावत होती, दोन्ही हात वर करून. मी चालवत होते, एकटी, सरळ. छातीत असं काही भरून आलं की मी मोठ्याने ओरडलेच, शब्द नसलेलं काहीतरी. रोज संध्याकाळी त्या कठड्यावर बसणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात जुन्या गावठाणातल्या एक मावशी होत्या, केस पूर्ण पांढरे. त्या उठून पुढे आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "पोरी, मना पन शिकव गो."

फोन ती अजूनही बघते, भरपूर बघते. पण संध्याकाळ झाली की तो घरी ठेवून खाली पळते. मावशी पदर खोचून तयार असतात, आणि त्यांच्यामागे आणखी दोघीजणी.